बारा मिलिमीटरची एकही पिन नाही

मामांना सरासरी सांगितली की ते डावा कान खाजवायचे. आकडा कितीही देखणा असो, कान खाजवत विचारायचे, "ते राहू द्या. सगळ्यात बारीक किती, सगळ्यात जाड किती?" अंबडच्या आमच्या कारखान्यात ते तपासणी विभागात होते, वयानं आणि मायक्रोमीटर धरण्यात सगळ्यांचेच मामा. मी नवा इंजिनिअर, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर, आणि संख्याशास्त्रात पैकीच्या पैकी मिळाल्याचं पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर सांगून मोकळा झालेला. मामा एवढंच म्हणाले, "बरं झालं. आता पिना मोजायला शिका."

मामा मापं नुसती लिहीत नसत. पाठकोऱ्या कागदावर मापांची उतरंड लावायची आणि प्रत्येक पिनेमागे तिच्या मापासमोर एक काडी ओढायची. चार उभ्या, पाचवी आडवी. "गर्दी कुठं हाय ते डोळ्याला दिसाया पाहिजे." मखमलाबादला घरची फ्लॉवरची शेती, त्यामुळे दाखलेही तिथलेच. "क्रेटात निम्मे गड्डे घमेल्याएवढे, निम्मे लिंबाएवढे. सरासरी झकास! पण गिऱ्हाईक सरासरी नेत नाय इंजिनेर, गड्डा नेतं." मी हसायचो. माझ्याकडे लॅपटॉप होता ना!

प्रोबेशन संपायला आठ दिवस होते. ब्रेकच्या पेडलमध्ये बसणाऱ्या पिनांचा लॉट पुण्याला जायचा होता. जाडी बारा मिलिमीटर. मिलिमीटरचे दोन शतांश इकडेतिकडे चालणार. मामा दुपारपर्यंत रजेवर. पिना कातणाऱ्या आमच्या दोन्ही लेथवरून आलेली पन्नास मापं मी लॅपटॉपमध्ये भरली आणि थेट तळाची ओळ पाहिली. सरासरी बरोबर बारा. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमानं लावल्यावर मधल्या दोन मापांच्या मधोमध येणारा आकडा, तोही बारा! इतका सुबक निकाल मला परीक्षेतही आला नव्हता. मी सही ठोकली, ट्रक सोडला आणि वडापाव मागवला.

मामा आले, माझी पन्नास मापं बघून कागदावर काड्या ओढू लागले. मी सरासरी सांगितली, पण या वेळी त्यांचा हात कानाकडे गेला नाही; शंका घ्यायला काही उरलंच नव्हतं. कागदावर काड्यांचे दोन ढीग झाले होते. एक ११.९७ जवळ, दुसरा १२.०३ जवळ. मध्ये कोरा कागद. जुना लेथ बारीक पिना काढत होता, नवा जाड, आणि मी दोघांची बेरीज करून समेट घडवून आणला होता.

"यातली बारा मिलिमीटरची पिन दाखवा बरं."

एकही नव्हती.

"जाड पिना बसायच्याच नायत, परत येतील. बारीक बसतील. बसून हालतील. ब्रेकमध्ये."

"त्यांच्याकडेही तपासतीलच ना, मामा?"

"तपासतील. तिथंबी तुमच्यासारखा हुशार असंल."

"मॅनेजरसाहेबांना तुम्ही सांगता का?"

"सही कुणाची हाय?"

मी ड्रायव्हरला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. रिंग वाजून वाजून थांबली. मामा घड्याळाकडे बघत म्हणाले, "सिन्नर सोडलं असंल." पाचव्यांदा फोन उचलला गेला. "बोला साहेब, जेवतोय."

"गाडी फिरवा! आत्ताच्या आत्ता!"

"घास तर गिळू द्या की!"

साहेबांनी विचारलं, "लॉट कुणी सोडला?" मी मामांकडे पाहिलं. मामा छताचा पंखा न्याहाळत होते. "मी," म्हणालो. ट्रक परत आला, ब्रेक वाचले, माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. दोन दिवस मी मामांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आपटला. "मी मापं सांगतो, तुम्ही काड्या ओढा." प्रमाण विचलनाचं सूत्र मला तोंडपाठ होतं, मापं सरासरीपासून किती लांब भटकतात, हे डोळ्यांनी पाहिलं ते त्या सहा महिन्यांत.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी कॅन्टीनमध्ये चार वाजता निरोप समारंभ होता. साडेचारला ट्रक सुटायचा होता. काड्या मधोमध छान जमल्या होत्या, पण दोन पार कडेला. बाहेर ड्रायव्हर हॉर्न बडवतोय, माईकवरून मामांचं नाव ऐकू येतंय, हातात पेन. सही करावी आणि पळावं, असं फार वाटलं. पेन ठेवलं. त्या दोन पिना शोधल्या. त्यांच्या अंगाला तेल राहिलं होतं. पुसून मोजल्या, मधे आल्या. तरी धीर होईना, म्हणून आणखी पन्नास मोजल्या. मग सही केली.

कॅन्टीनमध्ये पोहोचलो तर खुर्च्या उचलणं चाललेलं. कंपनीची बसही गेलेली. धावत गेटवर आलो, तर मामा उभे. खांद्यावर शाल, हातात नारळ.

"मामा, बस गेली तुमची! थांबलात कशाला?"

मागून ट्रक आला, गेटबाहेर पडला, कोपऱ्यावर वळला. तोवर मामांची नजर त्याच्यावरच.

"गाडी गेल्याबिगर कसं जायचं?" असं म्हणून नारळ माझ्या हातात ठेवला आणि मामा रिक्षा बघायला निघाले.