ओहोळापलीकडची अकरा घरं

भूगोलाच्या बाईंना कुणी फोन करून भूगोल विचारत नाही. गणिताच्या बाईंकडे शिकवणीला रांग लागते, मराठीच्या बाईंकडून लग्नपत्रिका तपासून घेतात. मी बोईसरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर चार वर्षांत मला कुणी साधं एवढंही विचारलं नाही, की वैतरणा समुद्राला नेमकी कुठे मिळते. त्यामुळे गेल्या वर्षी भादव्यात फोन वाजला आणि पलीकडून "बाई, आमच्या पाड्याचा नकाशा काढून द्याल का?" असा प्रश्न आला, तेव्हा मी हातातलं लाटणं तसंच धरून उडी मारली. खरंच मारली. नवरा बाहेरच्या खोलीतून बघायला आला.

फोन माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा होता. वाणगावच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी तिचं सासर. आता तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, बोईसरला एका कारखान्यात डबे भरायच्या कामाला येते. तिने फोनवर जे सांगितलं ते असं: त्यांचा पाडा कागदावर पाच किलोमीटरवरच्या मोठ्या गावाचा भाग आहे. ग्रामसभा तिकडे, नळ तिकडे, रस्ता तिकडे. पाड्यामागच्या डोंगरातला बांबू आणि मोह यांच्याबद्दल ठरवायचं तेही तिकडेच. पण कायद्यात एक सोय आहे. पाड्यातल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव केला, आपली हद्द दाखवली आणि तपासणीत ती खरी ठरली, तर पाड्याला स्वतःचं गाव म्हणून जाहीर करून घेता येतं.

"ठराव झालाय बाई. पन हद्दीचा नकाशा कोन काढनार? आनि दिवाळी झाली का आर्धा पाडा वीटभट्टीवर जातो. मंग कोन ऱ्हातं हितं, साहेबाला दाखवाया?"

म्हणजे भातकापणीच्या आत सगळं व्हायला हवं होतं. मी म्हटलं, उद्याच येते.

माझं माहेर दातिवऱ्याजवळचं, बागायतदारांचं. समुद्रापासून पूर्वेला निघालात तर या आमच्या टापूत तासाभरात पाच वेगळे मुलूख लागतात. आधी बोंबील वाळवणारे कोळीवाडे, मग केळी-पानवेलींच्या आमच्या वाड्या, मग खाजणं आणि खाड्या, मग रूळ. रुळांपलीकडे भात, आणि भात संपतं तिथे डोंगर सुरू होतो. बोईसरला मध्येच कारखाने उगवलेत, ते धरले तर सहा. हे मी तीस वर्षं फळ्यावर रंगीत खडूंनी काढलं. मात्र त्या शेवटच्या मुलखातल्या एका पाड्याचा नकाशा आजवर कुणीच काढला नव्हता आणि तो माझ्या वाट्याला आला होता! रिक्षात बसले तेव्हा मी इतकी खूश होते की रिक्षावाल्यालाही सगळं सांगून टाकलं.

पाड्यावर तिच्या चुलत सासऱ्यांच्या ओट्यावर माझं बस्तान बसलं. रस्ता तिथवरच येतो. हे बाबा पाड्यातले सगळ्यांत जुने, किडकिडीत, डोक्याला फडकं, बोलणं मोजकं. मी त्यांना प्रश्न विचारायची, ते उत्तर द्यायचे आणि मी लिहून घ्यायची. पहिलं घर कुणाचं, विहीर कधी खणली, जुनी वाट कुठून जायची. मोबाइलवर आकाशातून काढलेलं चित्र उघडून मी घरं मोजली, पाऊलवाटा आखल्या. पाच खेपा केल्या. तिची माझी भेट दर वेळी त्या ओट्यावरच व्हायची. ती कामावरून सुटून परस्पर तिथे यायची आणि अंधार पडायच्या आत मी परतायची. ती पाड्यात नेमकी कुठे राहते, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

नकाशा देखणा झाला होता, माझ्या तोंडाने सांगते. उत्तरेला डोंगराची धार, दक्षिणेला भातखाचरं, पूर्वेला जंगल आणि पश्चिमेला ओहोळ. कशी सुबक हद्द! आमच्या माहेरी दोन वाड्यांच्या मधून पाट जातो, तो पाट म्हणजे हद्द. त्याच्या पलीकडच्या केळीचं पानसुद्धा तोडायचं नाही, हे आम्ही रांगत असल्यापासून शिकतो. पाणी दिसलं की माझी पेन्सिल आपोआप तिथे थांबते. मी निळ्या शाईने ओहोळ गिरवला आणि प्रत अर्जाला जोडायला पाठवूनही दिली.

तपासणीला प्रांत कार्यालयातल्या मॅडम येणार असा निरोप आला. आदल्या दिवशी सकाळी मी मोठी प्रत गुंडाळी करून पाड्यावर नेली. तिने त्या दिवशी रजा काढली होती. "सुपरवायझर बोलला, तेरा गाँव बन रहा है क्या? मी बोलली, हां, बन रहा है," असं सांगून ती खूप हसली. मग मी ओट्यावर नकाशा पसरला. ती वाकली. बोट फिरवत राहिली. विहीर सापडली, बाबांचं घर सापडलं, शाळेची खोली सापडली.

"बाई, माजं घर कुठं?"

"दाखव की तूच. कुठल्या बाजूला?"

तिने मान वर करून पश्चिमेकडे बोट केलं. ओहोळापलीकडे, झाडांच्या आड. "आमी अकरा घरं हाव तिकडं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. झाडांखाली अर्धवट झाकलेली ती अकरा घरं मोबाइलवर मला दिसली होती, नाही असं नाही. पण ती ओहोळाच्या पल्याड, म्हणजे शेजारच्या गावाची, असं मी धरून चालले होते. ज्या मुलीने मला बोलावलं, जिने दारोदार फिरून ठरावावर सह्या-अंगठे गोळा केले, तिलाच मी तिच्या गावाबाहेर काढलं होतं. उद्या मॅडमनी हा नकाशा मान्य केला तर पाड्याचं गाव होईल आणि ती मात्र पाच किलोमीटरवरच्या सभेत मागे उभी राहील, कायमची. मला रडू आलं. मी तसं म्हणालेही, की मला रडू येतंय.

बाबा उठले. कोयता कमरेला अडकवला. "रडता कशाला, बाई? चला. चालून बघू."

आणि आम्ही चाललो! सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. गवत कमरेइतकं, भात निसवायला आलेलं, अंगाला घाम आणि कुसळं. मी कागद आणि पेन्सिल घेऊन बाबांच्या मागे, ती माझ्या मागे. बाबांची हद्द सरळ कुठेच जात नव्हती. एका मोठ्या ऐनाच्या झाडापाशी वळली. शेंदूर लावलेल्या वाघोबाच्या दगडाला उजवीकडून वळसा घातला, कारण दगड आपला. मोहाची चार झाडं आत घेतली आणि पाचवं सोडलं. का सोडलं? "त्याची फुलं ते येचतात." ओहोळ तर आम्ही तीनदा ओलांडला. दर खेपेला मी चप्पल हातात घ्यायची आणि नवी वळणं कागदावर काढायची, आणि खरं सांगते, घाबरलेली असूनही मला इतका आनंद झाला होता की मध्येच मी हसत सुटायची. तीस वर्षं मी मुलांकडून सीमा पाठ करून घेतल्या होत्या, पण कुठल्या सीमेवरून पायी चालले नव्हते.

पलीकडच्या घरांपाशी पोचलो तेव्हा मी बाबांना विचारलं, "ही अकरा घरं तुमची, हे तुम्ही कशावरून म्हणता? उद्या मॅडम विचारतील."

बाबांना प्रश्नच कळेना.

"भाजी आमच्यासंगं खातात," ते म्हणाले.

ते तिने मला समजावलं. पावसाळा लागला की रानात पहिली भाजी उगवते. ती कुणी आपल्या मनाने खुडून खात नाही. जुनी माणसं दिवस ठरवतात, देवाला दाखवतात, आणि त्या दिवशी सगळ्या चुलींवर एकदम ती भाजी चढते. त्याच्या आधी एकाही घरात नाही. दर गावाचा दिवस वेगळा. ऐकून मी तिथल्या तिथे दगडावर बसले आणि सगळं लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मॅडम आल्या. सोबत एक कारकून. पोरसवदा नव्हत्या, पन्नाशीच्या असाव्यात. शांत, आणि कागद नीट वाचणाऱ्या. त्यांनी माझे दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले.

"बाई, अर्जासोबत हद्द ओहोळावर आहे. आज तुम्ही ती ओहोळापलीकडे नेली. एका आठवड्यात गाव वाढलं?"

"पहिला नकाशा चुकला. माझी चूक आहे," मी म्हटलं.

"असेल. पण ओहोळ ही उघड दिसणारी हद्द आहे. ती ओलांडायची तर मला काहीतरी आधार लिहावा लागेल. नाहीतर ती घरं वगळून पुढे पाठवते."

त्यांचं काही चुकत नव्हतं, हेच मोठं दुखणं होतं. मी वर्गात बोलते तशी बोलायला लागले, नैसर्गिक सीमा, सांस्कृतिक सीमा, आणि माझं मलाच ते पोकळ वाटलं. मॅडम घड्याळ बघायला लागल्या. तेवढ्यात ती पुढे झाली.

"मॅडम, तुमीच जाऊन इचारा. यंदा नवी भाजी कोन्या दिवशी खाल्ली, येवढंच इचारा. हितं बी इचारा, तिकडं बी. आमी कोनी संगं येत नाय. हितंच उभी ऱ्हातो."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. आधी त्यांनी अलीकडच्या चार घरांत विचारलं. मग कारकुनाला घेऊन, साडी जराशी उचलून, ओहोळ उतरून गेल्या. आम्ही सगळे ओट्यापाशी उभे. ती पदराचं टोक पिळत होती. मला वाटत होतं, एखादी म्हातारी विसरली तर? एखादीने मोठ्या माणसांपुढे घाबरून भलतंच सांगितलं तर?

अर्ध्या तासाने मॅडम परत आल्या. पाय घोट्यापर्यंत चिखलात. ओट्यावर टेकल्या आणि कारकुनाच्या वहीतून वाचायला लागल्या.

"अलीकडे चार घरं. चौघांचंही म्हणणं, भाजीचा दिवस आधी ठरला होता, पण पुढे ढकलला. कारण विचारलं, तर म्हणे बाळ जन्मलं होतं, पाचवी होईपर्यंत थांबलो. मी विचारलं कुठल्या घरात, तर पलीकडे हात केला." त्यांनी पान उलटलं. "पलीकडे गेले. त्याच घरात ते बाळ आहे. माझ्या हातातलं पेन ओढत होतं."

मग त्यांनी बाबांना विचारलं, "पलीकडे पोर जन्मलं म्हणून अलीकडच्या चुली थांबवल्या?"

"मंग?" बाबा म्हणाले. "पोर आमचंच हाय ना."

"आणि शेजारच्या गावाने?"

"त्यांनी त्यांच्या दिवशी खाल्ली. त्यांना काय?"

मॅडमनी पेन उघडलं आणि बराच वेळ लिहिलं. अक्षर ओळखायचं माझं कसब जुनं आहे, उलट्या बाजूनेही वाचता येतं मला. 'ओहोळापलीकडील अकरा घरे' एवढे शब्द दिसले आणि मी मॅडमच्या समोरच टाळी वाजवली. मोठ्याने. कारकून दचकला.

मंजुरीचा कागद यायला वेळ लागला. मध्ये दिवाळी गेली, अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर गेला, होळीला परत आला. पावसाळ्याच्या तोंडावर तिचा फोन आला आणि ती नुसतीच हसत राहिली, तेव्हाच मला कळलं. अकरा घरं धरून जाहीर झालं होतं.

पहिल्या ग्रामसभेला मी नवी साडी नेसून गेले. का जाऊ नये? शाळेच्या खोलीत सतरंज्या अंथरलेल्या, माणसं दाटीवाटीने बसलेली. मी पुढे, बाबांच्या शेजारी जागा धरून बसले. सभेचा अध्यक्ष त्यांच्यातूनच निवडायचा होता. दोघा-तिघांनी तिचं नाव घेतलं, हात वर झाले, मी पण केला, जोरात. ती उठली, खुर्चीवर बसली. तिने वही उघडली, नोंदीसाठी खोलीभर नजर फिरवून वर झालेला एकेक हात मोजला आणि ती नजर माझ्यापाशी येऊन थांबली.

"बाई, रागावू नका," ती म्हणाली. "तुमचा हात मोजता येनार नाय. तुमी आमच्या गावच्या नाय. भायेर सावलीत बसा, झालं का चा घेऊ."

क्षणभर मला झोंबलं. लपवत नाही. पाच खेपा, तीनदा ओलांडलेला ओहोळ, सगळं आठवलं. मग तिच्याकडे पाहिलं. ती गंभीर होती, मी उठायची वाट बघत होती. मी गुडघ्यावर हात टेकून उठले, चपला घेतल्या आणि बाहेर आले. आतून तिने दार लोटलं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.