कंपाउंडरच्या गाडीचं पहिलं तेल

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक गाडी अशी होती, की तिचं दर्शन फक्त अंघोळीच्या वेळी व्हायचं. एरवी ती राखाडी खोळीत. सकाळी तळमजल्यावरचे कंपाउंडर बाहेर यायचे, खोळ काढून तिची घडी घालायचे, गाडी धुवायचे, पुसायचे आणि वाळली की पुन्हा खोळ चढवायचे. मधल्या वेळात गाडी कुठे जाऊन आली, तर तो योगायोग समजायचा.

कंपाउंडरांनी उभा जन्म कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काढला. लाकडी फळ्यांचं पार्टिशन, त्यात हात जाईल एवढी खिडकी आणि खिडकीपलीकडे हे. मोठ्या बरणीतलं लाल औषध बाटलीत ओतायचं, डोस कळावेत म्हणून कडेला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची आणि बाटली हातात देताना सांगायचं, "हलवून घ्या." हा शब्द त्यांच्या इतका अंगात भिनला, की घरात ते दुधाची पिशवीही हलवून घेतात. लग्नात सासऱ्यांचा हात हातात घेतला तो सुद्धा नीट हलवून मगच सोडला, असं काकू सांगतात. काकू म्हणजे त्यांची बायको. काकूंच्या सांगण्यातलं निम्मं धरलं, तरी हात हलला असणार.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे तारीख. औषधाची मुदत संपली, की ते औषध त्यांच्या दृष्टीने मेलं. दवाखाना सुटला तरी ही खोड सुटली नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी यांची नजर कपाटावरच्या बाटल्यांवर. माझ्याकडे मुलीने आणून दिलेलं टॉनिक होतं, महागातलं, सील तसंच. परवा-परवापर्यंत मुदत होती. मी म्हटलं, अहो, उघडलेलंही नाही. तर म्हणाले, बाटली बंद असली म्हणून तारीख थांबत नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत टॉनिक मोरीत. मी आज चालताना धापा टाकतो, त्याला जबाबदार कोण हे मी उघडपणे बोलत नाही. सगळ्यांना सांगून ठेवलंय, तेवढं पुरे.

आता गाडी का घेतली, ते सांगतो. काकूंची थोरली बहीण, ताई, डोंगरापलीकडच्या गावात एकटी राहते. पूर्वी काकू बसने सारख्या जायच्या. मग गुडघ्यांनी असहकार पुकारला. बसची पहिली पायरीच त्यांच्या कमरेएवढी. चढायला दोघांनी ढकलायचं, उतरायला दोघांनी झेलायचं. कंपाउंडर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी गाडी चालवायला शिकून घेतलं, नवी कोरी गाडी आणली आणि याच पार्किंगमध्ये सगळ्यांना पेढा द्यावा तसा शब्द वाटला: आता दर महिन्याला ताईंकडे.

वर्ष उलटून गेलं. गाडी मंडईत गेली, बँकेत गेली, एकदा दातांच्या डॉक्टरांकडे गेली. ताईंकडे काही गेली नाही.

कारण तेल. कुणीतरी कंपाउंडरांच्या डोक्यात भरवलं होतं, की नव्या इंजिनात सुरुवातीला धातूचा बारीक कीस सुटतो, तो तेलात उतरतो, म्हणून पहिलं तेल बदलल्याशिवाय गाडी लांब न्यायची नाही. बरं, मग बदला. तर ते दहा हजार किलोमीटर झाल्यावर बदलायचं. आता बघा गंमत. तेल बदलल्याशिवाय लांब जायचं नाही आणि लांब गेल्याशिवाय तेल बदलायची वेळ यायची नाही. मंडईच्या फेऱ्यांवर दहा हजार पुरे करायला कंपाउंडरांना आणखी एक जन्म लागला असता, आणि त्या जन्मी काकूंनी त्यांनाच पसंत केलं असतं याची मला खात्री नाही.

हे असंच चाललं असतं. पण ताईंचा फोन आला. त्यांचा मुलगा परदेशात असतो, तो त्यांना कायमचं तिकडे नेणार होता. घर सोडायचं ठरलं होतं, महिनाअखेरचं तिकीट निघालं होतं. एकदा येऊन जा, म्हणाल्या. पुन्हा कधी भेटू, भेटू की नाही, कोण सांगणार. आणि फोन ठेवता ठेवता थोरल्या बहिणीने काढावा तसा चिमटा काढला: "गाडी घेतलीत म्हणे. फोटोत बरी दिसते."

काकू भांडत नाहीत. त्या गप्प बसतात आणि त्यांचं गप्प बसणं दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. दोन दिवस पार्किंगमध्ये गाडी धुताना कंपाउंडर एकच चाक पुन्हा पुन्हा पुसत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडीच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. तुमचं वर्ष होऊन गेलंय, गाडी घेऊन या. कंपाउंडरांनी फोन ठेवला आणि जाहीर केलं, की यांना तेल खपवायचंय. मग ते मागच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री दुसऱ्याच गाडीखाली आडवा होता. बाहेर फक्त त्याचे पाय. कंपाउंडरांनी पायांना विचारलं आणि पायांनी उत्तर दिलं: एवढी कमी फिरलेली गाडी, तेल मधासारखं असेल, कशाला हात लावता. दोन मतांपैकी सोयीचं मत खिशात घालून कंपाउंडर हसत घरी आले.

आम्ही काही जण गेटाजवळच्या बाकावर बसलो होतो, काकूही होत्या. कंपाउंडरांनी मिस्त्रीचं मत सविस्तर ऐकवलं. तेल अजून नवंच आहे, त्याची वेळ झालेली नाही, आणि म्हणून घाईने घाटात गाडी घालणं बरोबर नाही, अशी शेवटी पुरवणी जोडली.

काकूंनी माझ्याकडे बोट केलं.

"यांचं सील न फोडलेलं टॉनिक तुम्ही मोरीत ओतलंत. बाटली बंद असली म्हणून तारीख थांबत नाही म्हणालात. मग गाडी खोळीत ठेवली म्हणून तेलाची तारीख थांबते होय हो?"

 मीही आगीत थोडं तेल ओतून घेतलं. म्हटलं, टॉनिक महागातलं होतं.

कंपाउंडर लाल औषधासारखे झाले. म्हणाले, चला, आत्ता चला, मिस्त्रीसमोर झाकण उघडून दाखवतो. काकू लगेच पुढच्या सीटवर. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण साक्षीदार लागतोच. मी मागच्या सीटवर बसलो. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच होतं. वळणावर मी या दारापासून त्या दारापर्यंत घसरत गेलो.

मिस्त्री या वेळी उभा सापडला. त्याने बॉनेट उचललं, तेलाचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून उजेडात धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला मध कुठला, दुधाळ कॉफीच्या रंगाचा फेसाळ लगदा होता.

आता खरं तर कंपाउंडरांनी गप्प राहायचं. पण माणसाचा धंदा माणसाच्या आधी बोलतो. त्यांनी तो लगदा बोटावर घेतला, दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "इमल्शन आहे हे. तेलात पाणी गेलंय आणि घुसळलं गेलंय." दवाखान्यात त्यांनी खलात घोटून घोटून असली पांढरी औषधं जन्मभर बनवली होती. ओळख लपणार कशी? आपण आपल्याच विरुद्ध साक्ष दिली हे त्यांच्या ध्यानात आलं, तोवर उशीर झाला होता.

मिस्त्रीने आधी रेडिएटरचं पाणी बघितलं. ते कमी झालेलं नव्हतं, म्हणजे इंजिनात बिघाड नाही, म्हणाला. मग विचारलं, गाडी कुठवर नेता? मंडईपर्यंत. आणि एरवी? कंपाउंडर जरा अभिमानाने म्हणाले, एरवी रोज सकाळी धुतल्यावर उभ्या उभ्या पाच मिनिटं सुरू करून ठेवतो. तब्येत चांगली राहते.

मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, तिथेच पाणी मुरतंय. इंजिन सुरू होतं, पण नीट तापायच्या आत बंद होतं. आत जी वाफ धरते ती बाहेर पडायला गाडी चांगली तापावी लागते. तुम्ही रोज थोडी वाफ करता आणि रोज झाकून ठेवता. खूप पळालेल्या गाडीपेक्षा अशा गाडीचं तेल लवकर बिघडतं. मघाचं आपलं बोलणं त्याने स्वतःच निकालात काढलं: मघाशी मी न बघता बोललो, आता बघून बोलतोय. तेल आणि फिल्टर आत्ता बदलायचा, यापुढे वर्षाला एकदा, गाडी चालो न चालो. आणि मधून मधून तिला लांब न्यायची.

"लांब म्हणजे किती?" काकूंनी विचारलं.

"तास-दीड तास तरी. न थांबता."

"घाट चालेल?"

"घाट तर उत्तम. चांगली तापेल."

एवढी सरळ चिठ्ठी कुठल्या डॉक्टरने लिहून दिली नसेल. जो घाट तेलासाठी टाळला, तोच तेलाचं औषध निघाला.

मिस्त्री गाडीखाली गेला. काळं तेल पसरट भांड्यात धार धरून पडायला लागलं. मी टायरच्या ढिगावर बसलो होतो. मला धापेचा त्रास असेल, कानांचा नाही. कंपाउंडर त्या धारेकडे बघत राहिले. मग धारेलाच सांगावं तसं बोलले.

"चढावर गाडी थांबली की मागे येते. शिकताना एकदा आली होती. मागे एक बाई मुलाला घेऊन उभी होती. लागलं नाही कुणाला. पण तेव्हापासून चढ दिसला की पाय लटपटतो."

काकूंनी हे वर्षभरात पहिल्यांदा ऐकलं. रागावल्या नाहीत. बायकोला आधी सांगायचं सोडून तेलाला सांगत बसलात, एवढंच म्हणाल्या. मग पदराने कपाळ पुसलं.

"मागे मी बघते. तुम्ही पुढे बघा."

रविवारी सकाळी गाडी निघाली. प्रवासाच्या दोन आवृत्त्या आहेत. कंपाउंडरांच्या आवृत्तीत घाट कधी लागला आणि कधी संपला ते कळलंच नाही. काकूंच्या आवृत्तीत एका वळणावर ट्रक थांबला, यांना थांबावं लागलं, निघताना इंजिन बंद पडलं आणि गाडी हातभर मागे आली. काकू मान वळवून मागे बघत होत्या. म्हणाल्या, मागे कुणी नाही, सावकाश करा. यांनी हँडब्रेक ओढला, घाम पुसला, पुन्हा सुरू केली आणि गाडी वर चढली. मी काकूंची आवृत्ती धरतो, कारण त्यांची मान पुढे आठवडाभर अवघडलेली होती.

ताई फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी आधी बहिणीला न बघता गाडी बघितली, भोवती एक फेरी मारली, सीटवरचं प्लास्टिक बघितलं आणि विचारलं, की दुकानात परत द्यायचीय का. मग स्वतःच्या हाताने ते टराटरा फाडलं.  दुपारी दोघी बहिणींना घेऊन ते गावभर फिरले. ताई पुढे बसल्या आणि कुठल्या घरात कोण राहायचं, कुणाचं कुणाशी जमलं होतं आणि का मोडलं, हे सगळं सांगत गेल्या. काकूंनी मला त्यातलं बरंच सांगितलं. इथे लिहिण्यासारखं त्यातलं फार नाही, याचंच वाईट वाटतं.

निघताना ताईंनी मुलाला फोन करून टॅक्सी सांगू नकोस म्हणून बजावलं. विमानतळावर मला कंपाउंडर सोडतील. म्हणजे महिनाअखेरीला पुन्हा घाट, जाताना आणि येताना. कंपाउंडरांनी मान डोलावली. नुसती हलली नव्हती, डोलावलीच होती; काकूंनी नीट बघितलं होतं.

महिनाअखेरीला ताईंना सोडून ते दोघं विमानतळावरून परत आले, तेव्हा दिवे लागायची वेळ होती. मी गेटाजवळच होतो. गाडी धुळीने माखलेली, पुढच्या काचेवर किडे चिकटलेले. कंपाउंडरांनी ती पार्किंगच्या तोंडाशी उभी केली. काकू उतरल्या नाहीत. समोर बघत बसून राहिल्या, मांडीवर ताईंनी दिलेली शाल. गुडघ्यांचं निमित्त झालं असेल असं वाटून मी हात द्यायला पुढे झालो, पण कंपाउंडरांनी काचेआडून मला नको म्हणून खूण केली.

मग त्यांनी काच खाली घेतली आणि म्हणाले, इंजिन अजून नीट तापलेलं नाही, एक फेरी मारून येतो.

घाट उतरून आलेली गाडी. तिच्यावर पाणी शिंपडलं असतं तर चर्र झालं असतं. मी वाट सोडून बाजूला झालो. गाडी मागे घेताना काकूंनी सवयीने मान वळवली, मागे बघितलं आणि कुणी नाही म्हणाल्या. दोघं मंडईच्या उलट्या बाजूला निघून गेले. खोळ त्या रात्री खांबापाशी घडी घालून तशीच पडून राहिली.