कुलूपकाका आठ दिवस बंद

नातीला पहिला दात आला तेव्हा कुलूपकाकांनी रजेचा पहिला अर्ज दिला होता. आता तोच दात हलायला लागला होता आणि अर्ज पाचवा होता. सुट्टीत नात यायची, पण तिच्या घरी काका एकदाही गेले नव्हते.

"आजोबा, पडायच्या आत या हं," नातीने फोनवर बजावलं. "मी सफरचंद खायचं बंद केलंय. पण जीभ ऐकत नाही."

वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात काका साधे लिपिक. पण त्रेसष्ट माणसांचे पासवर्ड त्यांच्या डोक्यात, म्हणून हे नाव पडलेलं. कुणाचा संगणक रुसला की आधी "काकाऽऽ" अशी हाक जायची. मग काका भिंतीकडेने अंग चोरत येत, जणू बिघाड त्यांनीच केलाय.

पाचवा अर्ज घेऊन ते साहेबांपुढे उभे राहिले.

"काका, तुम्ही गेलात तर ऑफिस आडवं होईल हो!" साहेब म्हणाले. "आणि दात काय, दुसरा येतोच की."

"तो पडेपर्यंत मी कुठला राहतोय," काका पुटपुटले. पण इतक्या हळू, की बहुधा त्यांचं त्यांनाही ऐकू गेलं नसावं.

त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयातून एक मॅडम आल्या. इथल्या संगणकांच्या कारभाराचा तीन वर्षांचा आराखडा त्यांना करायचा होता. काय कशावर चालतं, ते बंद पडलं तर काय करता, हे त्या टेबलाटेबलाशी जाऊन विचारू लागल्या.

"जुने परवाने कुठे साठवलेत?"

"काकांना ठाऊक," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"प्रिंटर अडला तर?"

"काकांना बोलावतो."

"आणि काका अडले तर?"

टायपिस्टबाईंनी छातीवर हात ठेवला. "काहीतरी शुभ बोला हो मॅडम!"

मॅडम जे दिसेल ते लिहिणाऱ्या. त्यांनी तक्त्यात नोंद केली: यंत्रणा, कुलूपकाका. वय सत्तावन्न. वापरणारे त्रेसष्ट. शेवटची दुरुस्ती, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू. मग त्यांनी काकांनाच विचारलं, "बॅकअप?"

काका लाजले. "फक्त कवळीचा आहे, मॅडम. दुसरी घरी डबीत असते."

मॅडमनी लिहिलं, 'अपुरा. धोका अतिगंभीर.'

आराखडा झाला सत्तर पानांचा. साहेबांनी तो सवयीने हातावर तोलला, "भरीव आहे" म्हणाले आणि शेवटच्या पानावर सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांच्यापुढे पान एक्केचाळीस धरलं. प्रत्येक यंत्रणा वर्षातून आठ दिवस देखभालीसाठी बंद ठेवावी. कुलूपकाका ही यंत्रणा सहा वर्षांत एकदाही बंद झालेली नाही, सबब सोमवारपासून बंद.

"अहो, पण मी त्यांची रजा नामंजूर केलीय!"

"रजा कोण देतंय? ही देखभाल आहे. आणि सही तुमचीच."

साहेबांनी सही उलटसुलट करून पाहिली. चांगली ठसठशीत त्यांचीच होती.

मग तीन दिवस काकांचा बॅकअप चालला. काका सांगत, टायपिस्टबाई टाइप करत. 'प्रिंटरला उजवीकडून हलक्या दोन थापा. तिसरी मारू नये.' 'साहेबांचा संगणक सुरू होत नसेल तर बटण दाबलंय का पाहावे. साहेबांसमोर पाहू नये.' पासवर्ड तेवढे ज्याचे त्याच्या कानात सांगून टाकले. टायपिस्टबाई आपला ऐकून किंचाळल्या, "अगंबाई, अजून सासूबाईंचंच नाव आहे होय!" आणि तिथल्या तिथे बदलला.

सोमवारी दारावर कागद लागला: 'कुलूपकाका आठ दिवस बंद राहतील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

काका आणि काकू लेकीच्या घरी पोचले तेव्हा नात तोंड अर्धवट उघडं ठेवून दारातच बसली होती. दात एका बाजूने लोंबत होता. सकाळपासून ती बोललीही नव्हती.

काका खाली बसतात न बसतात तोच फोन वाजला. "काका, कुणीतरी तिसरी थाप मारली हो!" साहेबांचा आवाज रडवेला झाला होता.

काकूंनी फोन काढून घेतला. "ते बंद आहेत. देखभाल चाललीय," म्हणाल्या आणि तो उशीखाली सारला.

"आजोबा, तुमीच काढा," नात दात सांभाळत म्हणाली.

काका पुढे सरकले, पण दात कसा काढतात, हे कुठे ठाऊक होतं! काहीच सुचेना, तेव्हा त्यांनी नातीच्या उजव्या गालावर हलक्या दोन थापा मारल्या.

दात अलगद तळहातावर आला.

नातीने डोळे विस्फारले. "अजून एक मारा ना!"

"छे छे," काका घाईघाईने म्हणाले, "तिसरी मारायची नसते."