अक्कांची डबी

अक्का बोलायला लागल्या की त्यांचा उजवा हात आपोआप वर यायचा आणि पदराचं टोक ओठांवर धरायचा. समोर तहसीलदार असो की भाजीवाली, हात तोच आणि पदर तोच. बाहेरच्यांना वाटायचं, काय मर्यादा पाळते ही बाई. मी शिकवायचे त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तर एकदा वर्गातल्या मुलींना जुन्या वळणाच्या बाईचं उदाहरण म्हणून अक्कांचं नाव सांगितलं होतं. मी ते अक्कांना सांगितलं तेव्हा पदराआड त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मर्यादेचा काही संबंध नव्हता. त्यांचे वरचे समोरचे दोन दात नव्हते.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सासरची शेती आखाडा बाळापूरपासून कोसभर आतल्या गावात; ती त्या आणि मोठे भाऊजी सांभाळायचे. मी बाळापूरच्या शाळेत मास्तरीण, म्हणून लग्नानंतर वर्षभरात आम्ही बाळापुरात वेगळं बिऱ्हाड केलं. अक्का दर बाजाराच्या दिवशी आमच्याकडे यायच्या. नव्वद सालानंतरचे ते दिवस. मी नवी, शिकलेली, आणि खरं सांगायचं तर जरा मिजासखोर.

दात गेले ते एका गोऱ्ह्यामुळे. त्याला दावं लावायला अक्का वाकल्या आणि त्यानं मान उडवली. दात अर्ध्यातून मोडले, मुळं आत राहिली. मी त्या जनावराला शिव्या घालायला लागले तर अक्का रक्त थुंकत म्हणाल्या, "ढोराचा काय दोष? मीच वाकले व्हते." हे त्यांचं नेहमीचं. मांजरानं दूध सांडलं तर मांजराचा काय दोष, झाकण मीच न्हाई ठिवलं. बस चुकली तर यष्टीचा काय दोष, मीच उशिरा निघाले. मला त्याचा राग यायचा. इतकं सोशीक असू नये माणसानं, असं मी त्यांना ऐकवायचे.

पुढं हिंगोलीहून त्यांना कवळी बसवून आणली. ती त्या जेवताना काढून ताटाशेजारी ठेवायच्या, कारण घास नीट लागत नाही म्हणे. एकदा विहिरीवर चूळ भरताना ती पाण्यात गेली. संध्याकाळी आम्हाला सांगताना म्हणाल्या, "आता हिरीला दात आले, मला न्हाई." आम्ही सगळे पोट धरून हसलो आणि कवळीचा विषय तिथंच संपला.

तो पुन्हा निघाला अक्का सरपंच झाल्यावर. हिंगोली जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गावची जागा बायकांसाठी राखीव निघाली, अक्का निवडून आल्या. सगळे धरून चालले होते की कारभार भाऊजी बघतील. भाऊजींना हळद आणि बैल सोडून कशात रस नव्हता. त्यामुळे अक्का स्वतःच ग्रामसभेत बसायला लागल्या, आणि बोलायलाही.

पण दातांच्या फटीतून वारं जायचं, शब्द घसरायचे, वर पदर. आम्हा घरच्यांना प्रत्येक शब्द कळायचा, सभेला काही कळायचं नाही. मग ग्रामसेवक उभा राहायचा आणि म्हणायचा, बाईंचं म्हणणं असं आहे की... माणूस वाईट नव्हता, त्याला सभा लवकर संपवायची असायची. एकदा अक्का म्हणाल्या, लमाण तांड्यावरचा हातपंप आधी दुरुस्त करा, बाया दोन मैल चालतात. त्यानं सांगितलं, बाईंचं म्हणणं, अर्ज आल्यावर विचार करू. सभा संपली. पुढच्या बाजारी अक्का आमच्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "मी बोलून राहिले अन् सभा त्याची होऊन राहिली. मला माझ्या तोंडानं बोलायचंय गं. येवढंच."

मी वर्तमानपत्रात वाचलं होतं की आता हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्का दात लावतात. आमच्याकडं तोवर कुणी हे ऐकलंही नव्हतं. दिवाळीनंतर मी अक्कांना नांदेडला एका डॉक्टरांकडं घेऊन गेले. अक्कांसाठी गेले हे खरं, पण थोडं माझ्यासाठीही. सरपंच जाऊ म्हणून मी शाळेत मिरवायचे, आणि ती जाऊ समोर आली की मला तिची लाज वाटायची. दातांची, पदराची, आणि सगळ्यात जास्त मिसरीची.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दाताला घासायची, ती मिसरी. अक्का दिवसातून चारदा लावायच्या. त्यांच्या पिशवीत एक पितळी डबी कायम असायची. दुपारी ओसरीवर गावातल्या, तांड्यावरच्या बाया जमायच्या, डबी फिरायची, आणि त्या काळ्या बोटांनी हळू आवाजात काहीबाही बोलत बसायच्या. मी गेले की गप्प व्हायच्या. मला वाटायचं, रिकाम्या चकाट्या.

डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगणारे. सगळ्या जबड्याचा फोटो काढला, रक्तातली साखर तपासली, दात साफ केले. मोडकी मुळं काढावी लागतील, खड्डा भरून यायला दोन महिने थांबायचं, मग हाडात स्क्रू, हाडानं तो घट्ट धरला की दात. अक्का लक्ष देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे खुट्टाच की. जमीन पोकळ असली तर खुट्टा उपटतो." डॉक्टर खूश झाले. मग त्यांनी विचारलं, तंबाखू खाता का? अक्का म्हणाल्या, न्हाई, कदीच न्हाई.

मी तिथल्या तिथं सांगितलं की चार वेळा मिसरी लावतात. अक्का गोंधळल्या. त्यांच्या लेखी तंबाखू खातात ती गडीमाणसं, मिसरी तर दात घासायची. त्या खोटं बोलत नव्हत्या. मला मात्र डॉक्टरांसमोर खाली मान घालावी लागली, आणि मनात पक्कं बसलं की ही बाई सहज खोटं बोलते. डॉक्टरांनी बजावलं, मिसरी म्हणजे तंबाखूच, ती सुटली नाही तर हिरडी भरणार नाही आणि स्क्रू टिकणार नाही. अक्कांनी गळ्याला हात लावून सोडते म्हणून सांगितलं आणि त्याच दिवशी मुळं काढून घेतली.

ते दोन महिने त्यांना फार जड गेले. डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, कधी नव्हे ते त्या भाऊजींवर खेकसायच्या. आणि मी काय करायचे? दर बाजारी त्या ओट्यावर टेकल्या की म्हणायचे, अक्का, आ करा. सोमवारी वर्गात पोरांची नखं बघायचे, तसं त्यांचं तोंड बघायचे, वाकून वास घ्यायचे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी बाई, गावची सरपंच, रस्त्यावरून माणसं येत-जात असताना मुकाट्यानं आ करायची. हे आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. अक्का नवं लुगडं नेसून उपाशी आल्या. ऑपरेशन म्हणजे उपाशी, हे त्यांना कुटुंबनियोजनाच्या शिबिरांवरून ठाऊक होतं. डॉक्टरांनी पोटभर खाऊन यायला सांगितलं होतं, म्हणून मी त्यांना बळंच पोहे खायला घातले, आदल्या दिवशीच्या गोळ्या घेतल्याची खात्री केली आणि आम्ही जीपमध्ये बसलो.

अर्धापूरच्या अलीकडं जीप खड्ड्यात आदळली. अक्कांच्या मांडीवरची पिशवी कलंडली, डबी बाहेर पडली आणि झाकण उघडून माझ्या इस्त्रीच्या साडीवर मिसरी सांडली. ताजी भाजलेली होती. जीपभर वास सुटला. समोर माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील बसले होते, ते खिडकीबाहेर बघायला लागले. अक्का मिसरी गोळा करत म्हणाल्या, "माझी न्हाई गं ती. म्हंजे हाय माझीच, पन..." मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. लोक बघतायत, एवढंच म्हणाले आणि डबी माझ्या पर्समध्ये टाकली. नांदेड येईपर्यंत मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

डॉक्टरांनी हिरड्या तपासल्या. बऱ्या भरल्यात म्हणाले. मिसरी बंद आहे ना, असं विचारल्यावर अक्कांनी होकारार्थी मान हलवली. त्यावर मी पर्समधून डबी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. पहिल्या वेळीसुद्धा यांनी नाहीच सांगितलं होतं, हेही वर ऐकवलं. डॉक्टर डबीकडं बघत राहिले. अक्कांचा हात वर गेला, पदर ओठांवर आला, आणि त्या काहीतरी बोलल्या. डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतात त्या?"

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. अक्का म्हणाल्या होत्या, "मी लावत न्हाई. ती बायांसाठी हाय." मला ती पळवाट वाटली, आणि त्या डॉक्टरांपुढं आणखी शोभा नको होती. मी म्हणाले, "काही नाही. चुकलं म्हणतात."

डॉक्टर म्हणाले, मग घाई नको, आणखी दोन महिन्यांनी या. अक्कांनी डबी उचलून पिशवीत ठेवली आणि आम्ही परतीच्या जीपमध्ये बसलो. बाळापूर जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, मला पोहे चारलेस, तू काही खाल्लंस का सकाळी? मी साडीवर उरलेली मिसरी झटकत राहिले.

संक्रांतीला मी गावी गेले. दुपारी ओसरीवर आडवी झाले होते, अक्कांना वाटलं मी झोपले आहे. एक तरुण बाई आली, मिसरी द्या म्हणाली. अक्कांनी डबी उघडून चिमूट दिली. बाई दाताला बोट लावत हळूच सांगायला लागली की नवरा रेशनची साखर परस्पर विकतो आणि विचारलं तर मारतो. अक्का एकेक प्रश्न विचारत होत्या, कधीपासून, कुणाला विकतो. बाई गेली. तिच्यामागून झमलीबाई आली, तांड्यावरची, पंचायतीत सदस्य. तिनं मला जागी पाहिलं. अक्का आत पाणी आणायला गेल्या तेव्हा मी तिला विचारलं, हे रोज चालतं?

झमलीबाई म्हणाली, "बाई सरपंचाच्या दारात तक्रार घेऊन आली तर सासू इचारती, काहून गेलतीस. मिसरीला गेलते म्हनलं की कोनी इचारत न्हाई. म्हनून अक्का भाजून ठिवती. सोता दोन म्हैने लावली न्हाई तिनं. नांदेडहून आली त्या रोजी लावली. मी म्हनलं काहून, तर म्हने, नाव तर झालंच."

ज्याला मी चकाट्या म्हणत होते, ते त्या बाईचं कार्यालय होतं.

मी आत गेले. अक्का माठातून पाणी घेत होत्या. मी म्हणाले, अक्का, त्या दिवशी मी डॉक्टरांना खोटं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऐकलं की. दात गेले, कान हायेत." मला रडू फुटलं. आपण परत जाऊ, मी सगळं खरं सांगते, असं मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. अक्कांनी तांब्या खाली ठेवला. "एकदा सोडली तवा जीव जायची पाळी आली व्हती. पुन्यांदा न्हाई व्हायचं माझ्यानं. अन् तुझा काय दोष? डबी माझ्याच पिशवीत व्हती."

गोऱ्हा, मांजर, यष्टी, आणि आता मी. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सव्वीस जानेवारीला शाळेतलं झेंडावंदन आटोपून मी ग्रामसभेला गेले आणि बायांत मागं बसले. अक्का तांड्याच्या हातपंपावर बोलल्या. नेहमीप्रमाणे ग्रामसेवक उठला. अक्कांनी त्याला हातानं बसवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मास्तरीण, तू सांग मी काय म्हनले ते." मी उभी राहिले. तेवढी चार वाक्यं सांगितली. अक्कांचा एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. हातपंप महिन्याभरात सुरू झाला. पुढं त्यांची मुदत संपेपर्यंत प्रत्येक सभेला मी गेले. सगळ्या गावात त्यांनी शब्द सोपवायला माणूस निवडलं ते मला, आणि का निवडलं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. दातांचं नाव आम्ही दोघींनीही पुन्हा काढलं नाही.

सरपंचपद गेल्यावर वर्षभरानं अक्कांना अर्धांगाचा झटका आला. नांदेडच्याच एका मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. चौथ्या दिवशी त्या बोलायला लागल्या, खूप वेळ, माझ्याकडं बघून. उजवा हात हलत नव्हता, त्यामुळे तोंडावर पदर नव्हता. पहिल्यांदाच मी त्यांना उघड्या तोंडानं इतकं बोलताना पाहत होते. मी कान त्यांच्या ओठांशी नेला. बाजूला उभ्या असलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणतात त्या?"

अक्का माझ्याकडं बघत होत्या, मी सांगेन म्हणून थांबल्या होत्या. मी सगळं लक्ष लावून ऐकलं होतं, आणि त्यातला एक शब्दही मला कळला नव्हता.