माणिकदादाची अर्धी गोळी

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, कळत नाही. मी डॉक्टर नाही, लेखकही नाही. नांदेडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. वाचकांनी माफ करावं. पण माझा चुलतभाऊ माणिकदादा जाऊन पाच आठवडे झाले. त्याच्या आजाराबद्दल मला जे माहीत होतं, आणि माहीत नसताना मी जे सांगितलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही...

आमचं गाव लातूरकडच्या मुरुडजवळ. मागच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी होतो. पावसानं दुसऱ्या वर्षीही दगा दिला होता आणि सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. मीही दादाशेजारी बसलो होतो. "दगडाला सॉरी म्हणून फोडायलास का रे, कॉलेजवाल्या?" असं तो म्हणाला, लोक हसले, आणि पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. मान एका बाजूला वळली, हातोडा सुटला, अंग लाकडासारखं ताठ झालं आणि मग झटके. "चप्पल हुंगवा, चप्पल!" कुणी मुठीत किल्ली कोंबली, कुणी दातांत हातोड्याचा दांडा घालायला बघत होतं. मी त्याचे पाय घट्ट धरून बसलो होतो. तेही चूकच होतं, हे नंतर कळलं. शुद्धीवर आल्यावर त्याला काहीच आठवत नव्हतं. जीभ चावलेली. धोतर ओलं झालेलं त्यानं पाहिलं आणि शेजारचं पोतं मांडीवर ओढून घेतलं. मुकादम म्हणाला, "उद्यापास्नं येऊ नगं माणिक. मेलास तर माझ्या माथी." त्या दिवसांत कामावरून नाव जाणं म्हणजे काय, ते सांगायला नको. लोक म्हणाले, बाहेरचं असंल. वहिनी हळूच मला म्हणाली, "झोपेत दोनदा झालंय, भाऊजी. कुणाला बोलू नगं, असं हे म्हणले."

मी त्याला लातूरला नेलं. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं; दवाखान्यावरच्या पाटीचा रंग अजून ताजा होता. डॉक्टरांनी दादाला फार विचारलं नाही, मलाच विचारलं. मान कुठं वळली, झटके किती वेळ होते, नंतर तो कसा बोलला. म्हणाले, ज्याला फिट येते त्याला ती दिसत नाही, पाहणाऱ्यानंच नीट सांगावं लागतं. फिट आली की कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काही घालू नका, धरून दाबू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. आणि ही गोळी रोज, काही वर्षं, बंद करायची नाही. विहिरीजवळ, चुलीजवळ एकट्यानं जायचं नाही.

"डॉक्टरसाहेब," दादा म्हणाला, "इहीर आन् चूल सोडून आमच्या गावात दुसरं हाय काय?"

डॉक्टर हसले... पण विहिरीचं त्यांनी पुन्हा एकदा बजावलं.

आठ महिने एकही फिट आली नाही. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्यावर मुकादमानं त्याला परत घेतलं. दादा महिन्यातून एकदा रोजगार बुडवून लातूरला गोळ्या आणायला जायचा. मग नांदेडला त्याचं कार्ड आलं. त्यात एकच गोष्ट विचारली होती : गोळी अर्धी केली तर चालंल का? डॉक्टरला इचारून कळव.

माझी परीक्षा जवळ आली होती. गोळीनं झोप येते, एवढं मी ऐकून होतो; त्याला कामावर पेंग येत असेल, असं मीच ठरवलं. डॉक्टर बंद करू नका म्हणाले होते. कमी करण्याचं मी विचारलंच नव्हतं. नांदेडलाही डॉक्टर आहेत, चालत जाण्याच्या अंतरावर. मी गेलो नाही. लिहिलं, "चालेल. सुट्टीत आलो की विचारू." शिकलेल्या भावाचं अक्षर होतं ते. त्यानं मानलं.

गावातल्या कोरड्या विहिरीत टँकर पाणी ओततो आणि सगळे काठावरून पोहरे टाकतात. दादा तिथंच उभा असताना त्याला फिट आली. खाली गुडघाभर पाणी, बाकी खडक...

मातीला मी वेळेवर पोहोचलो नाही. नंतर गेलो तेव्हा वहिनीला मी कार्डाचं सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात तिनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं. त्यातलं जसंच्या तसं देतो :

"भाऊजी, जयभीम. तुमच्यापास्नं लपवावं वाटत न्हाई. खडीवर आमच्या वळीत गंगू म्हणून पोरगी हाय. तिलाबी फिट येती. लग्न ठरायलंय म्हणून बाप दवाखान्यात न्हेत न्हाई. ह्यांनी तिची फिट बघितली आन् तुम्हाला कार्ड टाकलं. तुमचं उत्तर आलं तवापास्नं अर्धी गोळी हे खायचे, अर्धी तिला द्यायचे. भाऊ चालतंय म्हणतो, म्हणले. मला आधी ठाव नव्हतं, गंगूनंच रडून सांगितलं. काल मी तिच्या बापाशी भांडून तिला लातूरला न्हेलं. तिच्या नावाचा कागद काढला. आता तिला अख्खी गोळी सुरू झाली."