डाव्या हाताची नाडी

मी सोळा वर्षांची असताना माझ्या काळजात दोष निघाला. मी ठणठणीत होते. ते काळीज घेऊन मी रोज वस्तीवरून शाळेपर्यंत उसाच्या बांधाबांधानं पळत जायची. साताऱ्याला होणाऱ्या स्पर्धेत आठशे मीटरला आमच्या शाळेतून एकटी मी निवडली गेले होते. त्या धावण्याखेरीज मला दुसरं काही नको होतं.

त्या वर्षी शेजारच्या गावात कबड्डी खेळताना एक पोरगा मैदानातच पडला आणि उठला नाही. सगळीकडे घबराट झाली. मग खेळणाऱ्या प्रत्येक मुलाचा कार्डिओग्राम काढायचं ठरलं. सांगलीहून जीपमधून एक डॉक्टर, एक मशीनवाला आणि पेटीएवढं मशीन आलं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. पोरगा गेला होता, काळजी करायलाच हवी होती.

मुलांना सदरे काढून बाकावर झोपवलं आणि मशीनवाल्यानं स्वतः हातापायाला पट्टे बांधले, छातीवर तारा लावल्या. मुलींचा नंबर लागला तेव्हा मात्र सगळ्यांची अब्रू एकदम जागी झाली. छातीवरच्या तारा लावायच्याच नाहीत असं ठरलं. हातापायाचे पट्टेही परक्या पुरुषानं नाही, तर मुलीबरोबर आलेल्या घरच्या बाईनं बांधायचे. मशीनवाला पडद्यापलीकडे भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि तिथून सांगत राहिला, लाल तार उजव्या हाताला, पिवळी डाव्या.

माझ्याबरोबर आई होती. तिनं लाल तार हातात घेतली, क्षणभर थांबली आणि माझ्या डाव्या हाताला बांधली, पिवळी उजव्या. पुटपुटली, "त्यो पोरांचं सांगतोय. पोरीची नाडी डाव्या हाताची असती." आमच्याकडचे वैद्य बाईची नाडी डाव्या हाताची बघत, पुरुषाची उजव्या. आईनं जन्मभर तेच पाहिलं होतं. तिला वाटलं, सकाळपासून पोरं तपासून मशीनवाल्याच्या तोंडात तेच बसलंय. तिनं त्याची चूक निमूटपणे सुधारली. पट्टे नीट बांधलेत का, हे बघायला पडद्याआड कुणी आलं नाही.

दुपारी चहा पीत डॉक्टरांनी कागदांचा गठ्ठा चाळला. माझ्या कागदाशी थांबले. वडिलांना बोलावून म्हणाले, काळीज उजव्या बाजूला असावं असं दिसतंय, जन्मजात दोष असेल, धावणं ताबडतोब बंद. त्यांच्या गळ्यात नळी लटकत होती. मी हातभर अंतरावर उभी होते. ती नळी एकदा माझ्या छातीला लावली असती तर सगळा प्रश्न तिथेच मिटला असता. पण मुलगी होते ना मी.

वडील पलटणीतून निवृत्त झालेले. डॉक्टरनं अनफिट म्हटलं की माणूस अनफिट, त्यावर अपील नाही. मी रडले, म्हटलं काल टेकडी चढून आले, मला काही झालं नाही. ते म्हणाले, कागद खोटं बोलत नाही. साताऱ्याला माझ्याऐवजी, जिला मी नेहमी मागं टाकायची, ती मुलगी गेली.

पुढची दोन वर्षं मला घरात बसवून ठेवलं. घागर उचलायची नाही, झिम्म्यात नाचायचं नाही, जिना सावकाश चढायचा. बायका मला बघायला यायच्या आणि माझ्या उजव्या बाजूकडं टक लावून बसायच्या. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं, पण धावायलाच बंदी होती.

दोन वर्षांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी मला सांगलीला नेलं. तिथं नर्सनं पट्टे बांधले, कागद निघाला आणि तो चोख होता. आईनं प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला जुना कागद तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी नळी माझ्या छातीला लावली, डावीकडं, आणि हसले. म्हणाले, "हातांच्या तारा उलट लागल्या होत्या, दुसरं काही नाही. कुणी लावल्या होत्या?"

मला आईचं पुटपुटणं आठवलं. आईनं मान खाली घातली होती. मी तिचं नाव घेतलं नाही. पण डॉक्टरांच्या हसण्याचा मला आजही संताप येतो. हसण्यासारखं काय होतं त्यात? आई अडाणी नव्हती, तिला कुणी काही समजावलं नव्हतं. शिकलेला माणूस भिंतीकडं तोंड करून उभा होता, आणि त्याच्याहून जास्त शिकलेला चहा पीत होता.

टाके भरून आल्यावर, घरी कुणाला न सांगता, मी पाटाच्या कडेनं पळायला गेले. पूर्वी ज्या बाभळीपर्यंत श्वासही चढायचा नाही, तिच्या निम्म्या वाटेवरच मला धाप लागली. दोन वर्षं बसवून ठेवलेलं अंग ते. गुडघ्यांवर हात टेकून मी उभी होते, काळीज धाडधाड वाजत होतं, डाव्या बाजूलाच. तेवढ्यात आई मागून धावत आली. तिनं माझा दंड धरला.

"बघ, सांगत न्हवते? त्यो म्हातारा डाक्टर काय बी म्हनू दे. बस खाली."

आणि मी बसले.