आईचे दात आणि ह्यांचा कॅमेरा

आमच्या घरात नवा कॅमेरा आला तेव्हा मी त्याला ओवाळलं. दसऱ्याला मोटारसायकलला हळदकुंकू वाहतात, मग ह्यानं काय पाप केलंय, असा आमच्या ह्यांचा मुद्दा होता. मी बोटावर कुंकू घेतलं तर "लेन्सला नको" असं ते एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की निरांजन विझलं. आमच्या लग्नात मला ओवाळायला आलेल्या बायकांकडेही त्यांनी इतकं लक्ष दिलं नव्हतं.

आम्ही बारामतीलगतच्या जळोचीत राहतो. हे कंपनीच्या बसने लोणी देवकरला जातात आणि तिथल्या एका कारखान्यात सुटे भाग तपासतात. यंत्रातून निघालेला एकेक तुकडा हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, ओरखडा नाहीतर खड्डा दिसला की रिजेक्टच्या पेटीत टाकायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे त्यांना जगात सगळीकडे दोष दिसतात. माझ्यात जरा जास्तच दिसतात, कारण मी घरीच असते.

कॅमेरा घ्यायच्या आधी पाऊण वर्ष त्यांनी मोबाईलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ पाहिले. जेवताना पाहिले, बसमध्ये पाहिले, माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्यात मांडवाच्या खांबाला टेकून पाहिले. प्रत्येक व्हिडिओत एक दाढीवाला गृहस्थ असे. यंदाचा कॅमेरा गेल्या वर्षीच्या कॅमेऱ्यापेक्षा किती भारी आहे, हे तो इतकं कळवळून सांगे, की गेल्या वर्षीचा कॅमेरा घेऊन बसलेल्या माणसांची मला काळजी वाटायला लागली. शेवटी जो आला तो मिररलेस, त्याला म्हणे आत आरसा नसतो, म्हणूनच तो चांगला. एवढे पैसे मोजून साधा आरसासुद्धा देत नाहीत, असं मी म्हटलं तर दोन दिवस अबोला झाला.

हा कॅमेरा अंधारात बघतो, हात हलला तरी सावरून घेतो आणि मुख्य म्हणजे समोरच्याचा डोळा आपणहून शोधतो. डोळ्यावर हिरवी चौकट बसली की बटण दाबायचं, बाकी सगळं तो बघून घेतो. मग ह्यांनी करायचं काय, असं विचारायचा मोह मी आवरला. पहिल्या आठवड्यात आमच्या घरातल्या लिंबाचा, तुळशीचा आणि गॅसच्या शेगडीचा फोटो निघाला. लिंबू तर इतकं स्पष्ट आलं की त्याच्या अंगावरचे खड्डे बघून ह्यांनी ते मनातल्या मनात रिजेक्ट केलं असणार. पण त्यांचा खरा जीव मागच्या धूसरपणावर. समोरची वस्तू कडक आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं, याला म्हणे कला म्हणतात. आमच्या घरात मागे जे काही होतं ते सगळं त्या काळात विरघळलं. वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी आणि मी.

हे फोटो ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकत. तिथं गेला की एवढाला फोटो आपोआप बारीक होतो, आणि बघणारा तो पाण्याच्या रांगेत उभा राहून फुटक्या काचेवर बघतो. माझी नणंद तिच्या जुन्या मोबाईलवर काढलेला शेंगोळ्यांचा फोटो टाकते, तिला जास्त अंगठे मिळतात. यावर ह्यांचं म्हणणं एकच, लोकांना नजर नाही.

मग आम्ही उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायला गेलो. होडीत बसल्यावर ह्यांनी कॅमेऱ्यात काहीतरी फिरवलं. माणसांचे डोळे सोडून आता तो फक्त प्राण्यापक्ष्यांचे शोधणार, असं मला समजावून सांगितलं. पक्षी इतके लांब होते की त्यांना आम्ही आलोय हेही कळलं नसेल. घरी येऊन बघितलं तर पाण्यावर गुलाबी ठिपके होते. हे एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, डोळा पकडलाय बघ. मी पकडलाय म्हटलं. संसार असाच चालतो.

अशात निरवांगीहून माझ्या आईचा फोन आला. आई तिथं आमच्या रानात राहते. एकेकाळी आमची मेंढरं होती, आता थोडा ऊस आणि दाराशी एक शेळी आहे. आईने आयुष्यभर मशेरी लावली. तंबाखू तव्यावर भाजायची, चुरडायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना लावत ओट्यावर निवांत बसायचं, एवढी एकच चैन तिने केली. त्याने दात काळे झाले आणि आता हिरड्याही गेल्या. इंदापूरच्या दातांच्या डॉक्टरांनी सोमवारी सकाळी बोलावलं होतं. पुढचे दात त्याच दिवशी, मागचे मागाहून आणि मग कवळी.

मला वाटलं, दुखतंय म्हणून फोन केलाय. ती दुसरंच म्हणाली.

"सोमवारच्या आदी माजा एक फोटू काडाय सांग पावन्यास्नी. हसताना."

माझा कानावर विश्वास बसेना. दात काळे म्हणून माझ्या आईने कॅमेऱ्यासमोर कधी तोंड उघडलं नाही. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ती प्रत्येक फोटोत तोंडाला पदर लावून उभी आहे, परक्या माणसाला वाटेल हिला सोयरीकच पसंत नव्हती. आणि आता हीच बाई हसतानाचा फोटो मागत होती. मी विचारलं, आता गं कशाला.

"कवळी बसल्यावर मी कशी दिसन काय ठावं. माजं हसू कसं हुतं ते ऱ्हाऊ दे की कुटंतरी."

तिचं हसू मला पाठ आहे, पण ते माझ्याशिवाय कुठंच नाही, हे मला त्या दिवसापर्यंत कधी सुचलं नव्हतं.

पावनं म्हणजे आमचे हे. त्यांना सांगितलं तर ते फुलून आले. इतके दिवस कॅमेऱ्याला साजेसं काम मिळत नव्हतं ते मिळालं. मी म्हटलं, मी मोबाईलवर पटकन काढते की. त्यावर मला मोठं व्याख्यान ऐकायला मिळालं. मोबाईल खोटं दाखवतो, न विचारता चेहरा गुळगुळीत करतो, रंग उजळवतो, आणि आपला कॅमेरा मात्र जे आहे तेच दाखवतो. हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं आहे.

रविवारी निरवांगीला गेलो. आईने हिरवं इरकल नेसलं होतं, केसाला तेल लावलं होतं, आणि दातांचा शेवटचाच रविवार म्हणून त्यांना सकाळची मशेरीही व्यवस्थित झाली होती. ह्यांनी तिला गोठ्यासमोर बाजेवर बसवलं. मला पांढऱ्या थर्माकोलचा पत्रा धरून उभं केलं, ऊन चेहऱ्यावर परतवायला. म्हणजे माझे दोन्ही हात गुंतले आणि मोबाईल पिशवीतच राहिला. मग ह्यांनी "हसा मामी" असं फर्मान सोडलं. आई तहसील कचेरीत अंगठा द्यायला बसल्यासारखी ताठ बसली. हे पुन्हा म्हणाले, हसा. तिने ओठ आणखी आवळले. सासूला जावयासमोर तोंड उघडून हसायची सवय नसते, हे कुठल्या दाढीवाल्याने ह्यांना सांगितलं नसावं.

तेवढ्यात शेळी दाव्याला हिसका देऊन पुढे आली आणि माझ्या हातातल्या थर्माकोलचा तिने कोपराच तोडला. मी ओरडले, पत्रा ओढला, तिने आणखी तोडला. तिच्या दाढीला पांढरे गोळे चिकटले आणि ती ते चघळत ह्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. आणि आई हसली. पदर नाही, हात नाही, मान मागे टाकून हसली. बारीक, काळेभोर, एकसारखे दात, खालचा एक पडलेला, त्या फटीत जिभेचं टोक. माझ्या लहानपणी रानात माझ्या बापाची नक्कल करून ती अशीच हसायची. मला फार बरं वाटलं. हे बटण दाबून बसले होते, फोटो धडाधड निघत होते, आणि चौकट डोळ्यावर बसलीय असं ते ओरडून सांगत होते. बाहेर लख्ख ऊन होतं, कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर ह्यांना आई हसताना दिसली. सगळं फत्ते झालं होतं.

चौकट डोळ्यावर बसली होती हे खरंच होतं. ती शेळीच्या डोळ्यावर बसली होती. होडीत फिरवलेलं ते काहीतरी ह्यांनी परत फिरवलंच नव्हतं. सोमवारी कारखान्यातून आल्यावर त्यांनी कॉम्प्युटर उघडला तेव्हा हे कळलं. एकूण एक फोटोत शेळी अशी आली होती की तिच्या पापणीचे केस मोजावेत. मागे बाजेवर एक हिरवा ढग बसला होता. माझी आई बॅकग्राउंड झाली होती आणि ते अगदी दाढीवाल्याच्या मापाप्रमाणे विरघळलं होतं. ह्यांनी एकेक फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाले, शेळी मात्र कडक आलीय.

परत काढायचा प्रश्न नव्हता. त्याच सकाळी इंदापुरात आईचे पुढचे दात निघाले होते. ती फोनवर सुजलेल्या तोंडाने फोटूचं विचारत होती आणि मी फोटो येतोय, येतोय म्हणत होते.

माणूस लाजला की नीट गप्प बसावं. हे बसले नाहीत. मला न सांगता त्यांनी त्यातला एक फोटो निवडला आणि कॉम्प्युटरमधल्या कुठल्याशा एआय म्हणवणाऱ्या अकलेच्या कांद्याला चेहरा स्पष्ट करायला सांगितलं. त्याने केला. आईला त्याने कधी पाहिलं नव्हतं, मशेरीही पाहिली नव्हती, तेव्हा जे दिसत नव्हतं ते त्याने त्याच्या मनाने भरलं. दुसऱ्या शनिवारी हे बारामतीहून मोठी फ्रेम काखेत मारून आले. फ्रेमवाल्याने हारही घेता का विचारलं म्हणून तेवढे नाराज होते. मी कागद फाडला. हिरवं इरकल, गोठा, बाज आणि टूथपेस्टच्या जाहिरातीतले पांढरेशुभ्र दात. गालावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या, खालची फटही बुजली होती.

"काळं सगळं निघालं बघ," हे म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी तिचं भलं केलं. दोष दिसला, काढून टाकला.

मी मूळ फोटो मागितला. धूसर का असेना, मला तोच हवा होता. तो त्यांनी शेळीपुरता कापून एका फोटोस्पर्धेला पाठवला होता. बाकीचे रिजेक्ट म्हणून खोडले होते आणि कार्ड पुढच्या सहलीसाठी कोरं केलं होतं. त्या दिवशी मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, जळोचीत आमच्या गल्लीला ते माहीत आहे. स्वयंपाक केला नाही एवढं सांगते. मला राग आला होता आणि रागाच्या खाली नुसतं रडू होतं.

रविवारी फ्रेम घेऊन गेलो, कारण दुसरं न्यायला काहीच नव्हतं. आईचं तोंड बसलं होतं, ओठ आत गेले होते. ह्यांनी फ्रेम तिच्या मांडीवर ठेवली आणि उभे राहिले. तिने ती दोन्ही हातांनी धरली, लांब केली, जवळ आणली. मग जावयाकडे बघून म्हणाली, लई झ्याक निगालाय. जावयाने काही आणलं तर असंच म्हणायचं असतं. हे खूश होऊन मोटारसायकलवरचा कॅमेरा आणायला गेले.

ते बाहेर पडल्यावर तिने फ्रेम माझ्याकडे फिरवली.

"ही कोण गं? तुमच्या जळोचीतली हाय का?"

माझी तिरकी जीभ मला आईकडूनच आली आहे. ती थट्टा करतेय हे मला कळत होतं. म्हणून मी ती हसेल याची वाट बघत राहिले. ती हसली नाही. इरकलीच्या काठावरून तिने काचेवर बोट फिरवलं आणि लुगडं तर माजंच नेसलीया म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला उत्तर हवं होतं.

"व्हय आई," मी म्हटलं. "जळोचीतलीच हाय."

तिने मान हलवली आणि फ्रेम उताणी बाजेवर ठेवली.

"दात चांगलं हायती बाईचं," ती म्हणाली.